तोडायचा की सोडवायचा?

मामांचं निपाणीत दुरुस्तीचं दुकान आहे. भाचा बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्याचा मेंटेनन्स सांभाळतो. दोघांचा धंदा लोखंडाचा, दोघांची नखं सारखीच काळी. पण गंजून जाम झालेला बोल्ट पुढ्यात आला की मामा रॉकेलचा डबा शोधतात आणि भाचा ग्राइंडरची वायर. परवा दोघं एका पंपापाशी समोरासमोर आले आणि दुपारभर भांडले. मला त्यातलं बरंच पटलं, काही पटलं नाही. दोन्ही इथं लिहितो.

पंप वेदगंगेच्या काठचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ थेट पुणे-बेंगळूर महामार्गावर चढलं होतं. नदीकाठच्या मोटारींचं काय झालं असेल ते त्यावरून समजावं. पूर ओसरला की शेतकरी पहिली मोटार उचलतो, वाइंडिंगवाल्याकडे नेतो, सुकवून, भरून आणतो आणि पंप पुन्हा चालू करतो. पाण्याच्या बाजूचं बिडाचं केसिंग मात्र कुणी उघडत नाही, कारण ते चालत असतं. याही पंपाचं तसंच झालं होतं. आता पाणी कमी फेकतो म्हणून इम्पेलर बघायचा होता, आणि केसिंगवरचे सहाही नट गंजाच्या ढेकळात गाडलेले होते. षटकोन कुठला आणि गंज कुठला हे बोटानं चाचपून ठरवावं लागत होतं. दुकानातला गोकाककडचा पोरगा वाकून बघून म्हणाला, “तुक्क हिडदैती, अण्णा.” गंज धरलाय, हे सांगायला त्याची गरज नव्हती.

मामा : आरं, ठेव ते ग्राइंडर खाली. मी अजून त्याला हात बी लावलेला न्हाई.

भाचा : हात लावून काय होणार, मामा? तुम्ही रॉकेल सोडणार, रात्रभर ठेवणार, सकाळी परत सोडणार. तिकडं माणसाचा ऊस वाळतोय. तीन फेज लाईट दिवसातनं ठरलेले तासच असते, आज पाळी चुकली की चुकली. मी सहा नट कापतो, अर्ध्या तासात केसिंग मोकळं.

मामा : नट कापशील. नटाच्या आत काय हाय?

भाचा : स्टड.

मामा : आणि स्टड कशात बसलाय?

भाचा : बिडात.

मामा : मग बोल की. नट कापताना स्टडचे आटे गेले तर स्टड काढावा लागणार. स्टड तुटला तर बीड कोरावं लागणार. बिडाला तडा गेला तर त्या माणसाला नवा पंप घ्यावा लागणार. अर्धा तास कुणाचा वाचला?

मामांचा हा प्रश्न या धंद्यातला मूळ प्रश्न आहे, असं माझं मत आहे. बोल्ट कसा काढायचा हे नंतर. आधी बघायचं की बोल्टाच्या पलीकडे काय आहे. आरपार बोल्ट आणि मागे सुटा नट असेल तर दोन्ही मिळून काही रुपयांचा माल. त्यात जीव अडकवायचं कारण नाही. पण बोल्ट किंवा स्टड जर बिडात, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये थेट आटे पाडून बसवलेला असेल, तर तिथं बोल्टाला किंमत नाही, भोकाला आहे. भोकातले आटे गेले की सगळं गेलं. मामा हे तोंडानं क्वचितच सांगतात, त्यांचा हात सांगतो. भाच्याच्या हाताला ते अजून सांगता येत नाही, कारण कारखान्यात त्याच्यापुढे येणारे बहुतेक बोल्ट आरपारचे असतात.

आता हा गंज इतका घट्ट का धरतो? नट आणि बोल्टाच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते, नाहीतर नट फिरणारच नाही. त्या फटीत पाणी आणि हवा गेली की लोखंडाचा गंज होतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. पाणी धरून बसलेल्या गंजाला तर त्याहून कितीतरी जास्त. फट तेवढीच, माल दुप्पट. म्हणजे गंज तिथं नुसता चिकटलेला नसतो, आतल्या आत ठासून भरलेला असतो. त्याच्यावर नुसता जोर लावला की तो आणखी दाटतो. पण हाच गंज ठिसूळही असतो. त्याला सतत हलके धक्के बसले तर त्याचा चुरा होतो, चिरा पडतात आणि त्या चिरांमधून तेल आत जातं. मामांची सारी विद्या या दोन वाक्यांत बसते.

भाचा : बरं, तेल सोडा. पण रॉकेल कशाला? स्प्रे आणलाय मी. डब्ल्यूडी-40.

मामा : तुझ्या त्या निळ्या डब्याला वास चांगला येतोय. पण गंज खातोय का, ते सांग.

इथं मला भाच्याची बाजू घ्यायची होती, पण इतिहास मामांच्या बाजूला आहे. डब्ल्यूडी-40 हे 1953 साली अमेरिकेतल्या सॅन दिएगो गावातल्या एका छोट्या कंपनीनं बनवलं. ते पाणी हटवण्यासाठी होतं, म्हणजे ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून. नावातलं ‘डब्ल्यूडी’ हे पाणी हटवण्याचंच आद्याक्षर, आणि चाळिसावा प्रयोग जमला म्हणून पुढे चाळीस. गंज चढण्याआधी ते फवारलं तर सोन्यासारखं काम करतं. चढल्यावरही थोडंफार मुरतं. पण मुरण्यासाठीच बनवलेली वेगळी तेलं बाजारात मिळतात, आणि त्यांच्यापुढे ते मागे पडतं. रॉकेल आणि डिझेल पातळ असल्यामुळे फटीत शिरतात, हे खरं. गिअरबॉक्सचं पातळ ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरणारे मिस्त्रीही आहेत. मिश्रण चांगलं आहे, पण ॲसिटोन क्षणात पेट घेतं, आणि ते लावलेल्या जागेवर नंतर गॅस लावणारा माणूस एकदाच चुकतो.

मामांनी रॉकेल सोडलं आणि हातोडी घेतली. घण नाही, पावशेर वजनाची हातोडी. नटाच्या सहा बाजूंपैकी एकेका बाजूवर टक, टक, टक. मागे जाड लोखंडाचा तुकडा धरायचा आणि पुढून मारायचं, म्हणजे धक्का नटातच राहतो, बिडात जात नाही. बीड दाबाला पहाडासारखं असतं, पण ताणाला आणि झटक्याला कच्चं. चुकीच्या जागी एक घाव बसला की केसाएवढी रेघ उमटते आणि पंप चालू झाल्यावर त्या रेघेतून पाणी झिरपतं. एका नटाला सात-आठ टकटका, मग पुढचा नट. फेरी पूर्ण झाली की पुन्हा रॉकेल. हे करताना ते बोलत होते, चहा पीत होते, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारत होते. घाई नव्हती, पण हात थांबलेलाही नव्हता. भाच्याला हाच प्रकार ‘टाइमपास’ वाटतो.

भाचा : तुम्ही एकेका नटावर जेवढा वेळ घालवला, तेवढ्यात आमच्याकडं लाईन पुन्हा चालू झालेली असते. मशीन तासभर बंद राहिलं तर तासाचा हिशोब मालक मागतो. त्याला सांगू का, की मामा म्हणाले मुरू दे?

मामा : तुझ्या मालकाचा तास महाग हाय, मान्य. पन इथं महाग काय हाय, ते बघून वेळ काढायचा असतोय. तुझ्या कारखान्यात तास महाग, इथं बीड महाग.

भाचा : आणि शेतकऱ्याचा तास?

मामा याच्यावर काही बोलले नाहीत. मला वाटतं या प्रश्नाला उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. धीर धरणं ही कारागिराची चांगली सवय आहे, पण त्या धीराचे पैसे कधी कधी गिऱ्हाईक भरत असतं. भाच्याचा मुद्दा तिथं रास्त होता.

मग पाना. इथं दोघांचं चटकन जमलं, कारण दोघांनाही गोल झालेले नट बघून सारखाच राग येतो. जुन्या इंजिनांचे आणि पंपांचे आटे इंची असायचे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रजानं 1841 मध्ये बसवून दिलेले, 55 अंशांच्या कोनाचे. आजचे मिलिमीटरचे आटे 60 अंशांचे. पाने दोन्ही प्रकारचे दुकानात पडलेले असतात आणि तिथंच घात होतो. अर्ध्या इंचाचा पाना लागणाऱ्या नटाचं माप 12.7 मिलिमीटर. त्याला 13 चा पाना लागतो, अगदी बसल्यासारखा वाटतो, पण तीन दशांश मिलिमीटर ढिला असतो. साध्या नटाला चालून जातं. जाम नटावर त्याच ढिलाईनं कोपरे सोलले जातात. बारा कोनांचा रिंग पाना कोपऱ्यांवरच धरतो. सहा कोनांचा बॉक्स पाना सपाट बाजूला धरतो, म्हणून गंजलेल्या नटाला तोच हवा. ॲडजस्टेबल पाना तर मामा अशा नटाजवळ येऊच देत नाहीत. आधी वायर ब्रशनं षटकोन उघडा करायचा, आट्यांच्या टोकावरचा गंज खरवडायचा, आणि मगच पाना.

पहिला नट हलला. आवाज आला, किर्रर्र, दाराच्या बिजागरीसारखा. मामांनी लगेच हात थांबवला आणि नट उलट घट्ट केला. पुन्हा सैल, पुन्हा घट्ट. प्रत्येक वेळी पाव इंच जास्त. गंजाचा तांबडा चुरा रॉकेलात मिसळून आट्यांतून बाहेर येत होता. नवशिके इथंच फसतात. नट हलला की आनंदानं सरळ काढत सुटतात, आतला चुरा आट्यांत दाटतो आणि अर्ध्यावर पुन्हा जाम होतो. मग तो जन्मात निघत नाही. असे चार निघाले.

पाचव्याला पान्याच्या दांड्यात पाईप लावायचं ठरलं, तेही मामांनीच ठरवलं.

भाचा : मामा, पाईप नको. हा बाराचा स्टड आहे, आणि पाण्यात राहून खाल्लाय.

मामा : जरा जोर लागतोय एवढंच.

भाचा : जरा म्हणजे किती? एक मीटरच्या टोकाला नुसता दहा किलोचा रेटा दिला तर शंभर न्यूटन-मीटर होतात. आठच्या बोल्टला आवळायला पंचवीसच्या आसपास सांगितलेत. बारा नंबरला आमच्याकडं टॉर्क रेंच घेऊन...

पाईपवर मामांचा हात होता आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. बोल्ट सुटतो तेव्हा एक कटकन धक्का हाताला लागतो. तुटायच्या आधी मात्र तो मऊ लागतो, जणू पाना रबरात फिरतोय. त्या क्षणी थांबलं तर वाचतो. मामा अर्ध्या क्षणानं उशिरा थांबले. नट हातात आला, आणि त्याच्या आत स्टडचा चकचकीत तुकडा होता. उरलेला स्टड केसिंगच्या वर नखाएवढा.

भाचा काही बोलला नाही, हे त्याचं मोठेपण. मामाही काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “कर बाबा, तुझं काय ते.”

पुढचा अर्धा तास मला सगळ्यात आवडला, म्हणून तो सावकाश सांगतो. तुटलेला स्टड काढायचे रस्ते तीन. मधोमध भोक पाडून त्यात इझी-आऊट ठोकायचा, हा पहिला आणि सगळ्यांना माहीत असलेला. पण इझी-आऊट कडक पोलादाचा असतो. जो स्टड पाईपनं तुटला तो या काडीनं निघेल ही आशा खोटी. इझी-आऊटच आत मोडला तर त्याच्यावर ड्रिल चालत नाही आणि मग ईडीएम, म्हणजे ठिणगीनं धातू कोरणाऱ्या मशीनवाला शोधत बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. दुसरा रस्ता म्हणजे सगळा स्टडच कोरून काढून आटे नव्यानं पाडायचे, नाहीतर हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या आट्यांची गुंडाळी बसवायची. त्याला बरोबर मध्यावर ड्रिल धरणारा हात लागतो. एक मिलिमीटर सरकलं की एका बाजूचे आटे गेले.

भाच्यानं तिसरा रस्ता धरला. स्टडपेक्षा एक माप मोठा नट त्यानं त्या ठुटक्यावर ठेवला आणि नटाच्या भोकातून आत वेल्डिंग सोडलं. पण त्याआधी त्यानं एक गोष्ट केली, जी मामांनाही सुचली नसती. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प त्यानं मोटारीच्या बॉडीवरून काढली आणि केसिंगवर, स्टडच्या अगदी शेजारी लावली.

भाचा : अर्थ मोटारीवर ठेवली असती तर करंट शाफ्टमधून, बेअरिंगच्या गोळ्यांमधून गेला असता. गोळ्यांना बारीक खड्डे पडतात. पंप जोडून झाल्यावर बेअरिंग का वाजतंय, हे मग कुणालाच कळत नाही.

मामा : (पोऱ्याला) बघून ठेव रे.

वेल्डिंगचं सौंदर्य असं की ते पोलादाच्या स्टडला घट्ट धरतं, पण बिडाला नीट धरत नाही. बिडात कार्बन फार. त्यावर पडलेला शिंतोडा कडक होतो आणि छिन्नीच्या टकटकीनं उडून जातो. म्हणजे चूक झाली तरी ती माफ होण्यासारखी. शिवाय वेल्डिंगची उष्णता सरळ स्टडमध्ये उतरते. स्टड तापतो, फुगायला बघतो, बिडात अडकलेला असल्यामुळे दाबला जातो, आणि थंड होताना आधीपेक्षा किंचित बारीक होतो. गंजाची पकड तिथं सुटते. नट लाल झाला, लाली गेली, करडा झाला. भाच्यानं घाई केली नाही, याची मी मुद्दाम नोंद केली. मग मामांनी खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला आणि गरम स्टडच्या बुडाशी टेकवला. मेण वितळलं आणि बघता बघता फटीत ओढलं गेलं, रॉकेल गेलं नव्हतं तिथं. मग बॉक्स पाना. पहिल्याच हिसक्याला स्टड फिरला.

उष्णतेचं शास्त्र मात्र मामांनी भाच्याला शिकवलं, कारण सहाव्या नटाला भाचा थेट स्टडवर गॅस धरायला निघाला होता. स्टड जागेवर असताना तापवायचा तो नट. बारा मिलिमीटरच्या भोकाचा पोलादी नट चारशे अंशांनी तापवला तर भोक पाच-सहा शतांश मिलिमीटरनं मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची फटही तेवढीच असते. स्टडही सोबत तापला तर दोघं एकत्र फुगले आणि फायदा शून्य. म्हणून ज्योत बारीक, नटाच्या बाजूंवर आणि चटकन. ॲल्युमिनियमच्या केसिंगवर तर जास्तच जपून: ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. जस्ताचा मुलामा असलेला नट तापवला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री तापानं अंग फणफणतं, म्हणून ते काम उघड्यावर. आणि ‘8.8’ असा शिक्का असलेला हाय टेन्साइल बोल्ट एकदा लाल केला की त्याचं पाणी उतरलं. तो परत बसवायचा नाही.

भाचा : मग गुऱ्हाळातल्या चरकाचं काम तुम्ही कसं करता? तिथं तर रसाच्या आंबटाईनं सगळं खाल्लेलं असतं.

मामा : गुऱ्हाळात मी गॅस लावत न्हाई. ग्राइंडर बी न्हाई. शेजारी चिपाडाचा ढीग असतोय, वाळलेला. एक ठिणगी बास. तंबाखूच्या वखारीत तर घुसायच्या आधी खिसा बघतात, काडेपेटी हाय का म्हणून.

निपाणीच्या मिस्त्रीनं रॉकेल आणि हातोडीवर भर का दिला, याचं हे एक साधं कारण असावं, आणि उद्यमबागेत फौंड्रीच्या भट्टीशेजारी काम शिकलेल्या माणसाच्या ते लक्षात येणं अवघड आहे. ग्राइंडरची चकती मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेते आणि तिच्या ठिणग्या चांगल्या दोन-तीन मीटर लांब जातात. बेळगाव भागातल्या कारागिरीला जागेनं वळण दिलंय.

उलट आट्यांचा विषय निघाला तेव्हा दोघं पुन्हा एक झाले. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, कारण सरळ असते तर चालवता चालवता पायडल आपोआप सुटलं असतं. बेंच ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट उलटा, ॲसिटिलीनच्या सिलिंडरचा नट उलटा. गॅसच्या नटावर ओळखू यावं म्हणून खाचा पाडलेल्या असतात. गंजलेला समजून लोक असा नट तोडतात, आणि तो मुळात गंजलेला नसतोच, फक्त उलट्या बाजूनं फिरवायचा असतो. बेळगावला हे माहीत असायलाच हवं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली इथं काढलं ते सायकलचंच दुकान होतं. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर झाले, आणि 1910 मध्ये मंडळी औंध संस्थानात जाऊन किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते, असं तेव्हाचे शेतकरी म्हणत. आज त्यांचे पणतू नांगराच्या फाळाचा बोल्ट मातीत जाम झाला म्हणून वर्कशॉपच्या दारात उभे असतात.

राहिली सक्शन पाईपची फ्लँज. चार आरपार बोल्ट, मागे नट.

मामा : यांना आज रॉकेल सोडू, उद्या...

भाचा : नाही मामा. हे आरपार आहेत. तुमच्याच हिशोबानं इथं महाग काहीच नाही.

आणि त्यानं ते कापले. चष्मा लावून, गार्ड न काढता, मिनिटाला एक. मामा लांब उभे राहून बघत होते आणि त्यांचा चेहरा कापलेल्या बोल्टाएवढाच पडला होता, पण त्यांनी अडवलं नाही. मी म्हणेन तिथं भाचाच पूर्ण बरोबर होता. धीराला जागा असते. फ्लँजच्या बोल्टावर तो खर्च करणं म्हणजे लाड.

भाच्याची आणखी एक गोष्ट मामांच्या पोतडीत बसत नाही. दूध आणि खाद्यपदार्थांच्या यंत्रांवर स्टेनलेसचे नट-बोल्ट असतात. ते गंजत नाहीत, तरी जाम होतात. दोन्ही पृष्ठभाग घासून एकमेकांत चिकटतात, जागच्या जागी वेल्डिंग झाल्यासारखे. तिथं रॉकेल मुरायला फटच नसते, टकटक करून चुरा व्हायला गंजच नसतो. जोर वाढवला की आणखी चिकटतात. तिथं कापणंच खरं, आणि बसवताना आट्यांना अँटी-सीझ लावून हळू फिरवणं हाच उपाय.

जोडणी करताना शेवटचा वाद ग्रीसवरून. मामा प्रत्येक आट्याला ग्रीस लावतात, हात आपोआप डब्यात जातो. भाच्यानं दोन ठिकाणी अडवलं. एक, ग्रीस लावलेल्या आट्यांना घर्षण कमी, त्यामुळे पाना तेवढाच जोर दाखवत असला तरी बोल्ट आतून जास्त ताणला जातो. आवळताना हात राखायचा. दोन, गाडीच्या चाकाच्या नटांना कंपनीनं सांगितल्याशिवाय ग्रीस लावायचं नाही. मामांनी ऐकून घेतलं, ग्रीस मात्र लावलं. पंपाच्या स्टडना ते लावणं बरोबरच होतं, आणि भाच्यानंही ते मान्य केलं.

शेतकरी पंप न्यायला आला तेव्हा अंधार पडत आला होता. त्या दिवशीची लाईटची पाळी गेली, ती गेलीच. मामांनी मजुरी घेतली, तुटलेल्या स्टडची घेतली नाही. नदीकाठी ज्यांचे पंप आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं: मोटार वाइंडिंगला नेता तेव्हा केसिंगही एकदा उघडून घ्या, आणि खंडेनवमीला हत्यारांवर हळदकुंकू वाहाल तेव्हा उघड्या आट्यांवर बोटभर ग्रीस फासा. ग्रीसच्या एका डब्यात नदीकाठचे बरेच पंप होतात.